दार्किमचा आवाज डाव्या बाजूला

कांग दार्किमला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो शेजारच्या गावात एका सुंतेच्या जेवणाला बसला होता. ताट संपवूनच तो कलंडला, असं त्याची बायको यू वार्तेम अजून अभिमानाने सांगते. आमच्याकडे कांग म्हणजे दादा आणि यू म्हणजे ताई. पाय महिनाभरात ताळ्यावर आला, उजवा हात निम्मा आला. वाचा मात्र आली नाही. बावन्न वर्षं आमच्या जावातल्या सोकाराजा गावच्या केतोप्राक नाटकमंडळीत विदूषक म्हणून ज्याने राजाला, प्रधानाला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचाला एका दमात बोलून घेतलं, त्याच्याजवळ आता एकच शब्द उरला होता. तो म्हणजे "बरं".

एका शब्दात माणसाचं किती भागतं हे मला त्या दिवसांत कळलं. चहा हवा का? बरं. दुखतंय का? बरं. बाहेर बस पेटली आहे, कांग. बरं. मी बत्तीस वर्षं साप्ताहिकात शेवटच्या पानावर थट्टेचं सदर लिहिलं आणि इतकी शब्दसंपत्ती खर्च करून जे साधलं नाही ते तो एका शब्दात साधत होता, असं मी त्याला म्हणालोही. तो म्हणाला, "बरं." पण डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी पुढचा विनोद गिळला.

इस्पितळातल्या वाचा सुधारणाऱ्या बाईंनी एक मार्ग सांगितला होता. ज्यांचं बोलणं जातं त्यांचं गाणं कधी कधी शाबूत असतं म्हणे. मेंदूत ते वेगळ्या खोलीत राहतं. त्याला तोंडपाठ असलेली गाणी त्याच्याबरोबर रोज म्हणा, गाण्याचा हात धरून बोलणं मागून येईल. मात्र पहिले सहा महिने महत्त्वाचे. तिसरा सरत आला होता.

यू वार्तेमने शाळेतली गाणी म्हणून पाहिली, रेडिओवरची म्हणून पाहिली, मशिदीतल्या बायकांचा अख्खा गट आणून बसवला. दार्किम भिंतीकडे तोंड करून बसला.

"दुसऱ्याचं गाणं ह्यांनी आयुष्यात कधी म्हटलंय का, कांग वास्तो?" ती मला म्हणाली. "स्टेजवर उभं राहायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं आणि तिथल्या तिथे कडवं जुळवायचं. कागद म्हणून नाही घरात. एक वहीसुद्धा नाही."

"मग तुम्हाला आठवत असतील ना काही?"

"मी मागे बसून वेशभूषेची बटणं शिवत होते. बावन्न वर्षं. मला बटणं आठवतात."

तेव्हा आम्हाला दोघांनाही एकदमच रासिकुन आठवला.

रासिकुन म्हणजे आमच्या भागातला लग्नांचं शूटिंग करणारा. ज्या काळात आमच्याकडे दर लग्नात केतोप्राक असायचं त्या काळात दर लग्नात रासिकुनही असायचा, कॅमेऱ्याला नाक लावून. वीस वर्षं ते नाक त्या यंत्रावर दाबलं गेल्यामुळे डावीकडे थोडं चपटं झालेलं आहे. आता तो माझ्यासारखाच निवृत्त. लोक फोनवर शूटिंग करतात आणि त्यांची नाकं सरळ राहतात.

"दार्किमचं सगळं आहे," रासिकुन म्हणाला. "पुसलेलं काही नाही. प्रत्येक व्हीसीडी देण्याआधी मी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचो."

"कुठे?"

"त्याच्या नावाने नाही. लग्नाच्या नावाने."

व्हीसीडीची एक गंमत आहे, जी मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. प्रत्येक व्हीसीडीतल्या पहिल्या फाइलचं नाव एकच असतं. जगातल्या सगळ्या व्हीसीडींत. म्हणून रासिकुनने प्रत्येक फाइल जोडप्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. दार्किमला शोधायचं तर कुणाच्या लग्नात दार्किम नाचला होता हे आठवावं लागणार होतं. आम्ही दोघं त्याच्या माळ्यावर बसून नावं वाचत गेलो. सुतिरा आणि कुस्वांतो. हे वेगळे झाले. नार्तम आणि वास्तिया. हे वेगळे होऊन परत एकत्र आले. तार्सुन आणि रुस्मिनी. हिने तार्सुनच्या भावाशी लग्न केलं, तेही फोल्डर होतं, आणि त्यातही दार्किम होता. एकूण एकेचाळीस लग्नं निघाली.

त्यातलं एक पेनड्राइव्हवर घालून आम्ही दार्किमच्या घरी गेलो. त्याची मुलगी तैवानला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. तिने पाठवलेला भिंतीएवढा टीव्ही तिथे आहे. टीव्हीने पेनड्राइव्ह चाखला आणि ही फाइल मला चालत नाही असं सभ्य भाषेत सांगितलं.

"जुनी पद्धत आहे," रासिकुन म्हणाला. "नव्या टीव्हीला एमपीफोर लागतं. उद्या करून आणतो."

दुसऱ्या दिवशी तो आला, फारच लवकर आला, आणि टीव्हीने पुन्हा तेच सांगितलं.

"तू नक्की काय केलंस?" मी विचारलं.

"नावापुढे एमपीफोर लिहिलं."

"फक्त नाव बदललंस?"

"कांग वास्तो, तुझ्या घरी ईदला बाहेर काढतात तो बिस्किटांचा लाल डबा आहे ना?"

"आहे."

"त्यात काय असतं?"

त्यात रेंगिनांग असतात, भाताच्या वाळवून तळलेल्या चकत्या. माझ्याच काय, जावातल्या प्रत्येक घरात बिस्किटांच्या डब्यात तेच असतं. डब्यावरच्या चित्रात एक कुटुंब टेबलाभोवती बिस्किटं खात बसलेलं असतं आणि आत आमच्या सासूबाईंच्या चकत्या असतात. मी लहान असल्यापासून या फसवणुकीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.

"पाहुणे तक्रार करत नाहीत," रासिकुन म्हणाला.

"टीव्ही करतो."

"टीव्ही तैवानचा आहे," यू वार्तेम आतून म्हणाली. "त्याला आपल्या रीती काय ठाऊक."

"बरं," दार्किम म्हणाला.

तर माल खरोखरच नव्या डब्यात भरावा लागणार होता. पोस्टातल्या एका बाईंनी आम्हाला एक फुकटची प्रणाली सुचवली. जुनी फाइल एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने एमपीफोर निघतं. मध्ये एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि तिच्याकडे बघत बसायचं. मी सरकारी कचेऱ्यांवर इतकी वर्षं लिहिलं, पण बघत बसण्याची कला मी त्या पट्टीकडून शिकलो. यू वार्तेम रोज दुपारी गरम मेंदोआन पाठवायची, सोयाबीन आंबवून केलेल्या टेंपेचे पातळ तुकडे पिठात बुडवून अर्धकच्चे तळलेले, सोबत हिरव्या मिरच्या. एका लग्नाला साधारण सहा तुकडे लागायचे.

रासिकुनचा कॉम्प्युटर म्हातारा आणि हार्ड डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. नवी फाइल ठेवायला जागा हवी, म्हणून एक लग्न नव्या डब्यात गेलं की जुनं पुसायचं, असं ठरलं. रासिकुन व्यवस्थित माणूस आहे. पुसल्यावर तो हातसुद्धा धुवायचा. फाइल लहान व्हावी म्हणून त्याने प्रणालीत एका चौकोनात खूणही केली. आवाज दोन बाजूंचा नको, एकच करा, अशी.

"दार्किमला तरी एकच कान धड आहे," तो म्हणाला, आणि मला ते तर्कशुद्ध वाटलं. मी दुसरी मिरची घेतली.

निघालेल्या फाइली आम्ही डोळ्यांनी तपासायचो. कानांनी तपासण्याची सोय नव्हती, कारण रासिकुनचे स्पीकर सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमासाठी वॉर्ड समितीने नेले होते. ते साल कुठलं हे समितीलाही आठवत नाही. चित्र झकास येत होतं. दार्किम हात हलवतोय, पोट पुढे काढतोय, नवरदेवाकडे बोट दाखवतोय, लोक खुर्च्यांवरून घसरतायत. अकरा दुपारी आम्ही त्या मुक्या दार्किमला हसलो. अडतीस लग्नं झाली तेव्हा यू वार्तेमचा निरोप आला की मेंदोआन बंद, जे झालंय ते घेऊन या. तीन लग्नं राहिली ती निव्वळ या कारणाने.

टीव्हीने फाइल घेतली. पडद्यावर मांडव आला, मखर आलं, चोवीस वर्षांपूर्वीचा दार्किम आला, लाल नाक लावून. खाटेवरचा दार्किम ताठ बसला. डावा हात त्याने गुडघ्यावर आपटला. पडद्यावरच्या दार्किमने तोंड उघडलं.

आणि एक बाई प्रेमगीत गाऊ लागली.

गोड, संथ, चांदण्याबद्दलचं गीत. पडद्यावर दार्किम नवरदेवाच्या कपड्यांची चेष्टा करत होता आणि बाई म्हणत होती की तू गेल्यापासून समुद्र मला ओळखत नाही. गाण्याखाली अगदी खोल, पांघरुणातून कुणी बोलावं तशी, एक पुटपुट होती. शब्द एकही कळत नव्हता.

मी रासिकुनकडे बघितलं.

"लग्नाच्या व्हीसीडीवर गाणं घालायचोच," तो हळूच म्हणाला. "सगळेच घालायचे. नुसता ताटांचा आणि कोंबड्यांचा आवाज कोण ऐकणार."

"आणि दार्किमचा?"

त्याने दुसरं लग्न लावलं. तीच बाई. तिसरं. तीच बाई, तोच समुद्र.

"तुमच्याकडे दुसरं गाणंच नव्हतं का हो?" यू वार्तेमने विचारलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं, पण ती रागावली नव्हती. पदराने टीव्हीवरची धूळ पुसल्यासारखं करत होती आणि तिथे धूळ नव्हती. सहा महिन्यांतले आता दोन उरले होते, आणि दार्किमचा आवाज या पृथ्वीवर जिथे जिथे साठवलेला होता तिथे तिथे आम्ही दोघांनी स्वतःच्या हातांनी तो समुद्रात कालवला होता. मूळ फाइली पुसलेल्या. हात धुतलेले.

"बरं," दार्किम म्हणाला.

तो पुन्हा म्हणाला, जरा वरच्या पट्टीत, "बरं." मग त्याने डाव्या हाताने यू वार्तेमच्या मांडीवरचा रिमोट ओढून घेतला आणि वरच्या कोपऱ्यातलं एक बटण अंगठ्याने दाबलं. टीव्हीवर हवामानाचा अंदाज आला. त्याने मान हलवली आणि पुन्हा दाबलं. परत हवामान. पुन्हा.

"पाऊस बघायचाय का?" यू वार्तेम म्हणाली. "आणा इकडे. बिघडवाल तो, पोरीने घाम गाळून पाठवलाय."

तो देईना. पडद्यावर लग्न, हवामान, लग्न, हवामान. मग त्याने रिमोट खाली ठेवला, उजवा कान तळहाताने गच्च झाकला आणि डावा कान पडद्याकडे केला. आणि रासिकुनकडे असं बघितलं, जसं तो स्टेजवरून प्रधानाकडे बघायचा, जेव्हा सगळ्या गावाला विनोद कळलेला असायचा आणि प्रधानाला नाही.

रासिकुनचं नाक पांढरं पडलं.

"एल-आर," तो म्हणाला.

"काय?"

"जुन्या व्हीसीडीच्या रिमोटवर त्याच कोपऱ्यात एल-आरचं बटण होतं. काराओकेचं."

काराओकेचं म्हटल्यावर मलाही कळलं. आमच्याकडे ते कुणाला कळणार नाही? काराओकेच्या व्हीसीडीत गायकाचा आवाज एका बाजूला भरलेला असायचा आणि नुसती वाद्यं दुसऱ्या बाजूला. बटण दाबून गायकाला घालवायचं आणि त्याच्या जागी आपण ओरडायचं. सबंध देशाने त्या बटणावर शेजाऱ्यांच्या झोपा मोडल्या आहेत.

"भांडला होता हा माझ्याशी," रासिकुन दार्किमकडे बोट दाखवत म्हणाला. "तार्सुनच्या पहिल्या लग्नानंतर. त्याच्या आवाजावर गाणं घातलं म्हणून. म्हणाला, पुन्हा असं केलंस तर तुझ्या कॅमेऱ्यासमोर पाठ करून नाचेन. मग मी त्याला सांगितलं, काराओकेसारखं करतो. गाणं उजव्या बाजूला, तू डाव्या. ज्याला जे हवं त्याने ते ऐकावं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तसंच केलं."

"आणि तू ते विसरलास."

"पंचवीस वर्षं झाली."

"तो नाही विसरला," मी म्हणालो. "आणि आपण दोन्ही बाजू एकत्र कालवल्या."

"चौकोनात खूण मी केली," रासिकुन म्हणाला.

"मी मिरची खात होतो," मी म्हणालो. अपराधाची वाटणी न्याय्य व्हावी एवढीच इच्छा.

"तीन राहिलीत ना?" यू वार्तेमने विचारलं. ती उठून उभीच राहिली होती. "मग बसलात काय? मी पीठ कालवते."

माळ्यावर गेल्यावर रासिकुनने आधी त्या तिन्ही जुन्या फाइलींच्या तीन-तीन प्रती केल्या. एक स्वतःकडे, एक पोस्टातल्या बाईंकडे, आणि एक पेनड्राइव्ह माझ्या घरी लाल डब्यात, रेंगिनांगांच्या खाली. मग त्याने चौकोनातली खूण काढली. प्रणालीला सांगितलं की उजवी बाजू टाक आणि डावी जशीच्या तशी नव्या डब्यात भर. पट्टी भरत असताना आम्ही दोघांनीही काही खाल्लं नाही. समितीकडून स्पीकर परत आणायला मी स्वतः गेलो. समितीने लेखी अर्ज मागितला, मी तिथेच उभा राहून लिहिला, आणि तो माझ्या आयुष्यातला एकमेव लेख आहे ज्याचा सरकारदरबारी तत्काळ परिणाम झाला.

स्पीकरमधून आधी ताटांचा आवाज आला. मग कोंबडा. मग दार्किम.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी टीव्ही लावला. नार्तम आणि वास्तियाचं लग्न. बाई नव्हती, समुद्र नव्हता. ढोलक्याने थाप दिली आणि लाल नाकाचा दार्किम खरखरीत, चिडका, लाडका आवाज लावून म्हणाला:

"ओढ्याकाठी बांबू वाढला, बांबूला आला वाक,
नवरदेव दिसतो छान, पण उसनं आणलंय नाक."

मांडव हसला. यू वार्तेम हसली, मग तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली आणि लगेच परत आली, काही सुटू नये म्हणून.

खाटेवरच्या दार्किमने पहिल्या वेळी फक्त ऐकलं. रासिकुनने मागे नेऊन पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी त्याच्या घशातून सूर निघाला, शब्दांशिवाय, पण सूर नेमका. तिसऱ्या वेळी यू वार्तेम त्याच्याजवळ बसली, त्याच्या डाव्या हातावर ताल धरला, जसा इस्पितळातल्या बाईंनी शिकवला होता तसा.

"ओढ्या... काठी," दार्किम म्हणाला.

पडद्यावरचा पुढे गेला होता, हा मागून त्याला गाठत होता. "बांबू... वाढला." मग एकदम दोघं बरोबर आले, चोवीस वर्षांचं अंतर तोडून, "बांबूला आला वाक". पडद्यावरच्याने श्वास घेतला. खाटेवरच्यानेही घेतला. पडद्यावरचा म्हणाला, "नवरदेव दिसतो छान."

खाटेवरचा म्हणाला, "रासिकुन... दिसतो छान."

मला वाटलं चुकलं. यू वार्तेमला वाटलं चुकलं. रासिकुनने तर मागे न्यायला रिमोट उचललाही. पण दार्किमने डावा हात वर करून त्याला थांबवलं, टीव्ही पुढे जाऊ दिला, आणि एकट्याने, संथपणे, त्या चपट्या नाकाकडे बोट रोखून ओळ पुरी केली. "पण उसनं... आणलंय... नाक."

समोर कोण बसलंय ते बघायचं आणि तिथल्या तिथे जुळवायचं. ते अजून होतं. त्या वेगळ्या खोलीत, जिथली तिथे.

यू वार्तेम रडत होती आणि त्याच वेळी ओरडत होती, "बघा, बघा, अजून नीट घास धरता येत नाही आणि लोकांची नाकं काढतायत."

रासिकुनने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि शक्य तेवढ्या मानाने म्हणाला, "नाक माझं स्वतःचं आहे, कांग."

दार्किमने त्याच्याकडे बघितलं. थांबला. मोजून थांबला, पूर्वी थांबायचा तेवढंच, पहिल्या रांगेला श्वास रोखायला लागेल इतकं. मग म्हणाला:

"बरं."

सध्या त्याच्याजवळ साठेक शब्द आहेत, त्यातले निम्मे छापण्यासारखे नाहीत. इस्पितळातल्या बाई म्हणतात प्रगती उत्तम आहे, फक्त शब्दांची निवड घरच्यांनी बघावी. तीन लग्नं त्याला पुरत नाहीत, म्हणून रासिकुन आता बाकीच्या अडतीस घरांचे उंबरे झिजवतो आहे. फाइली पुसल्या असल्या तरी जोडप्यांकडे व्हीसीडी आहेत. काही कपाटात मिळाल्या. वेगळ्या झालेल्यांकडे जास्त जपून ठेवलेल्या मिळाल्या, का ते मला विचारू नका. सुतिराची व्हीसीडी तिच्या मिरचीच्या वाफ्यात दोऱ्याला टांगलेली होती, चमकून पाखरं उडवायला. ती म्हणाली, घेऊन जा, पण माझ्या पाखरांचं काय? रासिकुनने दुसऱ्या दिवशी नेऊन तिच्या वाफ्यात स्वतःकडच्या, त्या समुद्रवाल्या बाईच्या सातच्या सात सीडी टांगल्या.

पाखरं अजून परत आलेली नाहीत.